आधी सिनेमा, मग कादंबरी: डिस्टोपियन यंग अडल्ट पुस्तकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द हंगर गेम्स’, ‘डायव्हर्जंट’, ‘द मेझ रनर’ किंवा ‘द गिव्हर’ यांपैकी एखादा सिनेमा पाहून झालाय, आवडलाय, आणि आता त्याचं पुस्तक हातात घ्यावं का, असा प्रश्न नागपुरातली बरीच मुलं-मुली विचारतात. त्यांचे आईबाबाही विचारतात. या डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या जुलमी समाजाच्या, आणि यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या गोष्टी. हे पान त्यांच्या वाचकांसाठी आहे. पहिल्या सिनेमांत जे घडतं ते खालच्या उत्तरांत उघडपणे सांगितलंय. पुढच्या भागांचे शेवट मात्र फोडलेले नाहीत.

शेवट माहीत असताना पुस्तकात उरतं काय?

सांगणाऱ्या माणसाचं डोकं उरतं, आणि या प्रकारच्या कादंबऱ्यांत खरी गोष्ट तिथेच घडते. ‘द हंगर गेम्स’ (सुझान कॉलिन्स, २००८) पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जीवघेण्या खेळात उतरलेली कॅटनिस स्वतः सांगते, तेही वर्तमानकाळात. तिला जे दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही. २०१२च्या सिनेमात कॅमेरा खेळ चालवणाऱ्यांच्या कंट्रोल रूममध्ये जातो, राष्ट्राध्यक्ष स्नोच्या बागेत जातो, तिचा मार्गदर्शक हेमिच प्रायोजकांना पटवतोय तेही दाखवतो. पुस्तकात यातलं एकही दृश्य नाही. तिथे आपण झाडावर बांधून घेतलेल्या एका मुलीसोबत असतो. बाहेर काय चाललंय याचा तिला फक्त अंदाज बांधता येतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पॅराशूटने येणारी मदत. सिनेमात डब्यासोबत हेमिचची चिठ्ठी येते. पुस्तकात चिठ्ठी नसते. कॅटनिस तहानेने अर्धमेली झालेली असते, पाणी मागते, आणि काहीच येत नाही. तेव्हा तिला हळूहळू उमगतं, की तो पाणी पाठवत नाहीये याचा अर्थ पाणी जवळच कुठेतरी आहे. पुढे गुहेत ती आपल्याच डिस्ट्रिक्टच्या पीटाचं चुंबन घेते आणि लगेच रस्सा येतो. यातून ती हिशेब मांडते, की प्रेम दिसलं तर जेवण मिळेल. दोन माणसं एक शब्दही न बोलता वस्तूंमधून बोलतात आणि वाचक त्यांच्यासोबत तो अर्थ लावत बसतो. शेवट माहीत असला तरी हा आनंद कमी होत नाही. उलट घाई नसल्यामुळे अशा जागा नीट दिसतात.

सिनेमा पाहिल्यावर लगेच वाचावं की काही दिवस थांबावं?

इंग्रजी वाचनाची सवय कमी असेल तर आठवड्याच्या आत सुरू करा. माणसं, जागा, घटनांचा क्रम डोक्यात ताजा असतो, त्यामुळे अनोळखी शब्द आला तरी अडत नाही. इंग्रजी सराईत असेल तर महिनाभर थांबलेलं बरं. संवाद आणि पार्श्वसंगीत थोडं विरलं की पुस्तकाचा स्वतःचा सूर ऐकू येतो.

चारांपैकी सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

जो सिनेमा सगळ्यात जास्त आवडला, त्याच्याने. मात्र एवढं लक्षात ठेवा, की ही चार पुस्तकं एकाच जातीची नाहीत.

‘द गिव्हर’ (लोइस लॉरी, १९९३) सगळ्यात लहान आहे. २३ छोटी प्रकरणं, सोपी वाक्यं, एका लांब रविवारी संपू शकेल एवढा आकार. १९९४ साली त्याला न्यूबेरी पदक मिळालं. पण सोपी भाषा बघून विषय सोपा समजू नका. चारांत सगळ्यात जास्त दिवस मनात राहणारं पुस्तक हेच आहे. सिनेमात (२०१४) योनासचं वय वाढवलंय. पुस्तकात तो अकरा वर्षांचा आहे आणि लवकरच बारा वर्षांचा होणार आहे. एवढ्या लहान मुलाच्या खांद्यावर ते ओझं पडतं, यातच गोष्टीचा जोर आहे. दुसरी गोष्ट रंगांची. सिनेमा काळ्यापांढऱ्यात सुरू होतो, म्हणजे या जगात रंग नाहीत हे पहिल्याच मिनिटाला कळतं. पुस्तकात अर्धं पुस्तक होईपर्यंत ते सांगितलेलंच नाही. हवेत उडवलेलं सफरचंद क्षणभर ‘बदलतं’ एवढंच लिहिलंय. तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे, म्हणून लेखिकेने ते कसं लपवलंय हे पाहत वाचा. पहिल्या पन्नास पानांत रंगाचा एकही उल्लेख सापडतो का ते तपासा.

‘द हंगर गेम्स’ मध्यम आकाराचं आहे. शब्द एक लाखाच्या आसपास, वाक्यं आखूड. वेग चारांत सर्वात चांगला.

‘डायव्हर्जंट’ (व्हेरॉनिका रॉथ, २०११) जाड दिसतं, पण भाषा सोपी आहे. हेही पहिल्या पुरुषात, वर्तमानकाळात. प्रशिक्षणाचा भाग सिनेमापेक्षा बराच लांब आणि बराच क्रूर आहे.

‘द मेझ रनर’ (जेम्स डॅशनर, २००९) तृतीय पुरुषात आहे, पण आपण थॉमसच्या मागेच राहतो. पहिली पन्नास पानं चिडचिड होऊ शकते, कारण ग्लेडमधली, म्हणजे चक्रव्यूहाच्या मधल्या जागेतली, मुलं आपली वेगळीच बोली बोलतात आणि थॉमसला कुणी काही धड सांगत नाही. तो गोंधळ मुद्दाम ठेवलेला आहे. त्या बोलीतल्या शिव्या डिक्शनरीत शोधू नका, सापडणार नाहीत. कोण कुणाला कोणत्या सुरात बोलतंय एवढं कळलं की पुरे.

मी मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजी झेपेल का?

झेपेल, आणि सिनेमा आधी पाहिलाय हाच तुमचा मोठा फायदा आहे. पद्धत अशी ठेवा.

पहिली तीन प्रकरणं डिक्शनरीशिवाय वाचा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्या आणि पुढे चला. प्रकरण संपल्यावर एकापेक्षा जास्त वेळा टिंब पडलेले शब्द तेवढे बघा. पानागणिक पाच-सहापेक्षा जास्त टिंबं पडत असतील तर हे पुस्तक सध्या जड आहे. मग ‘द गिव्हर’ घ्या. दोन टिंबं पडत असतील तर निर्धास्त वाचत राहा.

लोक अडकतात ते बहुतेक वेळा बनावट शब्दांवर. ट्रॅकर जॅकर, एव्हॉक्स, मॉकिंगजे हे ‘द हंगर गेम्स’साठी कॉलिन्सने घडवलेले शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ पुढच्या एक-दोन पानांत येतोच. तिथे थांबून मोबाइल उघडला की दोन तोटे होतात. लय तुटते, आणि सर्चमध्ये पुढच्या भागांचे शेवट समोर येतात. दुसरं नुकसान जास्त मोठं.

वेळेचा हिशेब असा. एक लाख शब्द, मिनिटाला साधारण १३० शब्दांचा वेग, म्हणजे तेरा तासांच्या आसपास. ‘द हंगर गेम्स’मध्ये २७ प्रकरणं आहेत, म्हणजे एका प्रकरणाला अर्धा तास. रोज एक वाचलं तर महिन्याच्या आत पुस्तक संपतं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा दुपारी बारा ते चार बाहेर पडायची सोय नसतेच. कूलरसमोरचा तो वेळ यासाठी अगदी योग्य. कॉलेजला मेट्रोने जाणाऱ्यांना लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या प्रवासात एक प्रकरण आरामात होतं.

सिनेमात नेमकं काय गाळलंय?

यादी लांब आहे, पण सगळ्या फरकांना सारखं वजन नाही. ‘द हंगर गेम्स’मधला एक फरक नीट बघा, म्हणजे बाकीचे कसे बघायचे ते कळेल.

सिनेमात मॉकिंगजेची पिन कॅटनिसला काळ्या बाजारात मिळते. पुस्तकात ती मॅज देते. मॅज ही महापौरांची मुलगी, कॅटनिसच्या शाळेतली. सिनेमात मॅज नाहीच. वरवर पाहता एक दुय्यम पात्र कमी केलं, एवढंच वाटतं. पण पहिल्या प्रकरणात मॅजच्या दारात उभं राहून कॅटनिसचा मित्र गेल तिच्या छान कपड्यांवरून तिला टोमणा मारतो, आणि तिथून टेसेराचा हिशेब सुरू होतो.

हिशेब असा. खेळासाठी मुलं निवडायच्या सोडतीत बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते. तेराव्या वर्षी दोन, चौदाव्या वर्षी तीन, असं करत अठराव्या वर्षी सात. हे सगळ्यांना सारखं. पण घरात खायला नसेल तर मूल आपलं नाव जास्त वेळा टाकून टेसेरा घेऊ शकतं, म्हणजे एका माणसासाठी वर्षभराचं तुटपुंजं धान्य आणि तेल. रेशनकार्डावर घरातली डोकी मोजून धान्य मिळावं तसंच, फक्त इथे प्रत्येक वाट्यामागे एक चिठ्ठी वाढते, आणि जुन्या चिठ्ठ्या निघत नाहीत. कॅटनिस सोळा वर्षांची. वयाच्या पाच चिठ्ठ्या. शिवाय आई, बहीण आणि ती स्वतः असे तीन वाटे, पाच वर्षं, म्हणजे पंधरा. एकूण वीस. गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं. वयाच्या सात आणि टेसेराच्या पस्तीस. एकूण बेचाळीस.

सिनेमात गेल ‘बेचाळीस’ एवढा आकडा उच्चारतो आणि दृश्य पुढे सरकतं. पुस्तकात त्या आकड्यामागचं गणित आहे. सत्ताधारी कॅपिटॉल विरुद्ध डिस्ट्रिक्ट एवढीच ही विभागणी नाही. एकाच गावात दुकानदारांची मुलं आणि खाणकामगारांची मुलं यांच्यात भिंत उभी करायचीही ती युक्ती आहे, असं गेलचं म्हणणं. मॅज गेली तशी गावातली ही दरीही सिनेमातून गेली. एखादं पात्र का गाळलं हे विचारताना त्याच्यासोबत आणखी काय गेलं, ते शोधा.

बाकीचे मोठे फरक थोडक्यात:

रू या छोट्या खेळाडूच्या मृत्यूनंतर सिनेमात डिस्ट्रिक्ट ११मध्ये दंगल दिसते. पुस्तकात कॅटनिसला त्या डिस्ट्रिक्टकडून एक पाव येतो, बस. कुठल्या डिस्ट्रिक्टने दुसऱ्याच्या खेळाडूला भेट पाठवणं तिने कधी पाहिलेलं नसतं.

पीटाचा पाय सिनेमात बरा होतो. पुस्तकात तो कापावा लागतो. पुढचे दोन भाग वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर काही वाक्यं समजत नाहीत.

शेवटची श्वापदं सिनेमात फक्त भयानक आहेत. पुस्तकात त्यांना मेलेल्या मुलांचे डोळे आहेत.

परतीच्या गाडीतला शेवट पूर्ण वेगळा आहे. आपल्यावरचं प्रेम काही अंशी डावपेच होतं, हे पीटाला पुस्तकात तिथेच कळतं. सिनेमाने ही जखम झाकून टाकलीय.

‘डायव्हर्जंट’चे सगळे सिनेमे पाहिलेत. पुढचा कुठे आहे?

नाही. ‘अ‍ॅलिजियंट’ (२०१६) हा सिनेमा तिसऱ्या पुस्तकाचा पहिला हिस्सा म्हणून आला आणि त्यानंतरचा शेवटचा भाग बनलाच नाही. त्यामुळे गोष्टीचा शेवट हवा असेल तर पुस्तक वाचणं भाग आहे. तिसरं पुस्तक मध्यापासून उघडून ‘पुढचं तेवढं’ वाचायला जाऊ नका. सिनेमाने वाट इतकी बदललीय की धागा लागणार नाही. दुसऱ्या सिनेमातली ती बंद पेटी तर पुस्तकात मुळातच नाही. पहिला सिनेमा पुस्तकाच्या बराच जवळ आहे, म्हणून पहिलं पुस्तक सोडलं तर एक वेळ चालेल, पण दुसरं आणि तिसरं पूर्ण वाचा. तिसऱ्यात ट्रिस आणि फोर आळीपाळीने सांगतात. प्रकरणाच्या सुरुवातीला नाव दिलेलं असतं. ते न बघता वाचलं तर कोण बोलतंय हे कळत नाही. हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो.

आणि ‘मेझ रनर’चं काय?

पहिल्या पुस्तकात थॉमस आणि टेरेसा एकमेकांशी मनातल्या मनात बोलू शकतात. सिनेमात ते काढून टाकलंय. चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची किल्लीही वेगळी आहे. पुस्तकात धावणाऱ्यांनी वर्षानुवर्षं काढलेले नकाशे एकावर एक ठेवून शब्द सापडतात. हा भाग सावकाश वाचा, कोडं सोडवायला मजा येते. दुसरा भाग (सिनेमा २०१५) जवळजवळ नवीच कथा आहे. सिनेमात मुलं त्यांच्यावर प्रयोग करणाऱ्या विकेड या संघटनेच्या तावडीतून पळतात. पुस्तकात वाळवंट ओलांडणं हीच विकेडने घेतलेली परीक्षा असते. दुसऱ्या पुस्तकाला हात लावताना सिनेमा बाजूला ठेवा.

‘हंगर गेम्स’चे सिनेमे चार, पुस्तकं तीन. कसं?

तिसरं पुस्तक, ‘मॉकिंगजे’, दोन सिनेमांत विभागलंय (२०१४ आणि २०१५). तोड साधारण पुस्तकाच्या मध्यावर आहे. ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ (पुस्तक २०२०, सिनेमा २०२३) ही ६४ वर्षं आधीची, तरुण स्नोची गोष्ट. ‘सनराइज ऑन द रीपिंग’ (२०२५) हेमिचची. काळाच्या क्रमाने नाही, छापल्या त्या क्रमाने वाचा. पहिल्या तीन पुस्तकांतल्या खुणा माहीत असल्या तरच मागच्या काळातल्या या दोन गोष्टी बोचतात.

नटांचे चेहरे डोळ्यांसमोरून जात नाहीत. काय करावं?

घालवायचा खटाटोप करू नका. फक्त पात्र पहिल्यांदा येतं तिथे लेखकाने काय वर्णन केलंय त्याला पेन्सिलीने कंस करा. कॅटनिसचे सरळ काळे केस, करडे डोळे, सावळट वर्ण. रू आणि थ्रेश यांचा रंग गडद तपकिरी आहे, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही २०१२ साली रूच्या भूमिकेत कृष्णवर्णीय मुलगी पाहून काही प्रेक्षकांनी तक्रार केली, म्हणजे त्यांनी पान वाचलं पण पाहिलं नाही. वयांकडेही लक्ष द्या. सिनेमात बहुतेक सगळे थोराड दिसतात. पुस्तकात ही शाळकरी मुलं आहेत हे विसरलं की गोष्टीची धग जाते.

मुलगी सातवीत आहे. सिनेमा पाहिलाय, पुस्तक द्यावं का? हिंसा किती आहे?

पुस्तकात हिंसा जास्त वेळ चालते. ब्रिटनमध्ये लहान प्रेक्षकांसाठी प्रमाणपत्र मिळावं म्हणून पहिल्या सिनेमातली सात सेकंदं कापली होती. पुस्तकाला अशी कात्री लागत नाही. केटो या प्रतिस्पर्ध्याचा शेवट सिनेमात क्षणात उरकतो, पुस्तकात तो रात्रभर चालतो. आईबाबांनी आधी शेवटून तिसरं, म्हणजे पंचविसावं प्रकरण स्वतः वाचावं आणि मग ठरवावं. बारा-तेराच्या पुढच्या बहुतेक मुलांना पहिलं पुस्तक चालतं. ‘मॉकिंगजे’ मात्र युद्धाचं पुस्तक आहे आणि बरंच काळोखं आहे, दोनेक वर्षं थांबा. ‘द गिव्हर’मध्ये रक्त फार थोडं आहे, पण ‘मुक्त करणं’ म्हणजे काय हे कळतं ते पान लहान मुलाला एकट्याने वाचू देऊ नका. त्या दिवशी घरात कुणीतरी बोलायला हवं.

हे सगळं अमेरिकेतलं. आपला काय संबंध?

डिस्ट्रिक्ट १२ हा अ‍ॅपलेशियातला कोळशाच्या खाणींचा पट्टा आहे. कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. नागपूरच्या आजूबाजूला उमरेड, सावनेर, कामठी इथे कोळसा निघतो, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय शहरात आहे, कोराडी आणि खापरखेड्याची वीज त्याच कोळशाची. ज्या घरातलं माणूस शिफ्टवरून काळं होऊन परततं, त्या घरातल्या मुलाला पहिलं प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. इतरांनी तेवढं एकच ठरवून वाचावं: या पानावर कोळसा कोण काढतंय आणि उजेड कुणाच्या घरी पडतोय?

पुस्तक कसं निवडावं? फुटपाथवरची प्रत घेतली तर चालेल?

सिनेमाचं पोस्टर छापलेलं मुखपृष्ठ आणि जुनं मुखपृष्ठ, आतला मजकूर एकच. स्वस्त असेल ते घ्या. आधी शाळेच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा. बर्डीवर किंवा कुठेही जुनी प्रत घेताना ती खरी असली तर उत्तमच. नकली प्रत मात्र टाळा. लेखकाचं नुकसान होतं, आणि वाचताना तुमचंही. ओळखायच्या खुणा: अक्षरं फोटोकॉपीसारखी फुटलेली, ओळी तिरप्या, कागद पारदर्शक, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन कडेला सुटलेलं. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांनी, बांधलेलं असतं आणि फर्मा बहुधा सोळा पानांचा. स्वस्त बांधणीत एखादा फर्मा गायब असतो किंवा दोनदा लागलेला असतो. दुकानातच पानांचे आकडे भराभर चाळा. ‘द हंगर गेम्स’मध्ये तीन विभाग आणि प्रत्येकात नऊ प्रकरणं आहेत ना, आणि शेवटी पहिलं पुस्तक संपल्याची ओळ आहे ना, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

शाळेच्या प्रकल्पासाठी पुस्तक आणि सिनेमा यांची तुलना लिहायचीय.

चाळीस फरकांची यादी करू नका. त्यातून काहीच सिद्ध होत नाही आणि ती इंटरनेटवर तयार मिळते, हे शिक्षकांनाही माहीत असतं. एकच प्रसंग घ्या. सिनेमात तो किती मिनिटं चालतो ते घड्याळ लावून मोजा, पुस्तकात किती पानं घेतो ते मोजा. वहीत तीन रकाने करा: पुस्तकात काय आहे, सिनेमात काय आहे, या बदलाने कुणाबद्दलचं आपलं मत बदललं. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर प्रसंग बदला. गुहेतलं चुंबन, पॅराशूट, योनासचं सफरचंद, ट्रिसची निवड, यातलं काहीही चालेल. दोन पानांचं लेखन सहज होतं.

मध्येच कंटाळा आला तर?

‘हंगर गेम्स’मध्ये मैदानात उतरेपर्यंत पुस्तकाचा एक-तृतीयांश भाग जातो. तिथवर पोचला नसाल तर सोडू नका. पोचूनही हात पुढे सरकत नसेल तर खुशाल सोडा आणि दुसरं घ्या.

पुस्तक संपल्यावर सिनेमा पुन्हा पाहावा का?

हो, पण दोन आठवड्यांनी, आणि इंग्रजी सबटायटल लावून. या वेळी कॅटनिस पडद्यावर नाही ती दृश्यं तेवढी वेगळी नोंदवा. दिग्दर्शक गॅरी रॉस याने पुस्तकाबाहेर जाऊन काय रचलं ते त्यातून कळतं. कॉलिन्स स्वतः पटकथेच्या लेखकांपैकी एक होती. म्हणजे ते बदल तिच्या डोळ्यांसमोर झाले, आणि कंट्रोल रूम दाखवण्याचा निर्णय तिला का पटला असेल, यावर मित्रमैत्रिणींसोबत तासभर वाद घालता येतो.